ती जलपर्णी नव्हे, कुमुदिनी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरच्या तळीची साफसफाई झाली. जलपर्णी काढायची म्हणून कामगारांनी दाताळ्यांनी सगळेच ओढून बांधावर टाकले. त्या ढिगात जलपर्णी थोडीच होती; बहुतेक कुमुदिनीच होती. मला फार वाईट वाटले.

ओळखायला अवघड काहीच नाही. जलपर्णीचा देठ फुगीर, मधे स्पंजासारखा, पाने पाण्यावर उभी, फूल जांभळे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. कुमुदिनीचे गोल पान एका बाजूला हृदयासारखे चिरलेले असते आणि पाण्यावर सपाट पसरते. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे, पांढरे, गळ्याशी पिवळे. ढिगातले एक फूल मी नातीच्या तळहातावर ठेवले. पाकळ्यांवर कापसाच्या तंतूंसारखी दाट लव पाहून ती म्हणाली, “आजी, ह्या फुलाक केस आसात!” हीच त्याची खूण. एक फूल एकच दिवस टिकते, पण रोज नवी उमलत राहतात.

साताऱ्याजवळ कास पठारावरचा कुमुदिनी तलाव पाहायला आपण गोव्यातून गाड्या करून जातो. हीच ती वनस्पती. भारतभरच्या तळ्यांत आणि पुढे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. दारातली मात्र आपण कचऱ्यात टाकतो.

पंचायतींनी तळी जरूर साफ कराव्यात, पण कामगारांना आधी दोन्ही झाडे हातात घेऊन दाखवावीत. बांधावरच्या ढिगातली मुळासकट निघालेली काही रोपे मी परत पाण्यात सोडली आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली