सेव्हरीन आणि तुझा परत आलेला लेख

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ऊसतोडीच्या बैलांवरचा तुझा लेख "माणसांची दुःखे संपली का?" असे विचारून संपादकांनी परत केल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस, तेव्हापासून मला पॅरिसची पत्रकार सेव्हरीन सारखी आठवते आहे.

तिचे खरे नाव कारोलीन रेमी, जन्म १८५५ चा. सतराव्या वर्षी झालेले लग्न टिकले नाही. पुढे पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे १८७१ मधल्या पॅरिसच्या जनतेच्या, बंडात भाग घेतल्यामुळे परागंदा झालेले पत्रकार ज्यूल व्हालेस तिला ब्रसेल्समध्ये भेटले आणि ती त्यांची लेखनिक झाली. घरच्यांनी हे काम सोडायला लावले, तेव्हा तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वाचली, आणि पुन्हा त्याच कामावर गेली. १८८५ मध्ये व्हालेस वारल्यावर 'ल क्री द्यु पप्ल' हे त्यांचे दैनिक तिने सुमारे तीन वर्षे चालवले, आणि तेही अशा देशात, जिथे तिच्या हयातीत बायकांना मताचा अधिकार मिळालाच नाही.

मला तिची एक सवय सर्वांत मोलाची वाटते: ज्याच्याविषयी लिहायचे, तिथे ती स्वतः जात असे. १८९० मध्ये सेंत-एतिएनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, तेव्हा ती खाणीत उतरली. १८९२ मध्ये साखरेच्या कारखान्यातील बायकांनी संप केला, तेव्हा कामगार बाईचा वेश करून ती आत शिरली आणि साखरेच्या ढेपा फोडणारे ते हात तिने जवळून पाहिले. याच डोळ्यांनी तिने जनावरांकडेही पाहिले. बैलझुंजींविरुद्ध ती लिहीत राहिली. त्या काळी रिंगणातल्या घोड्यांच्या पोटाला कसलेही संरक्षण नसे आणि बैलाच्या शिंगांनी ती फाटत. १८५० पासून फ्रान्समध्ये पाळीव जनावरांच्या छळाविरुद्ध कायदा होता, परंतु तो चारचौघांत केलेल्या छळापुरताच होता. बंद दाराआड मारलेल्या घोड्याला त्यात जागा नव्हती. १९०३ मध्ये तिने आपल्या 'साकातू' या कुत्र्याच्या तोंडून त्याच्या आठवणी सांगणारे पुस्तक लिहिले.

जिवंत जनावरांवरील प्रयोगांनाही तिचा विरोध होता. मी स्वतः पशुवैद्यक शिकताना बेडकांवर हात बसवला आहे, त्यामुळे या बाबतीत मी तिच्याशी पूर्णपणे सहमत नाही. मात्र तो बेडूक हातात असताना मला काय वाटले होते, हे मी अजून विसरलेलो नाही.

तुझ्या संपादकांचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला असता, तर तो तिला कळलाच नसता, असे मला मनापासून वाटते. जुवाखाली खांदा सोललेला बैल मी अनेकदा तपासला आहे. जखमेवरच्या माश्या हाकलून मलम लावावे, तर गाडीवान हात जोडून म्हणतो, "डॉक्टर, विश्रांती सांगू नका, उचल फिटायची आहे." त्या जखमेत त्याचे कर्जही, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेली ती उचलही असते, हे मी तिथेच शिकलो.

लेख मला पाठव. जखमेचे वर्णन मी तपासून देतो. बैलाच्या खांद्याशेजारी गाडीवानाची उचल किती, ती कोणी दिली आणि ती कशी फिटते, हे तू स्वतः फडात जाऊन विचार आणि तेही लिही.

तुझे,
बाबा