फडकी पाठवते आहे

चि. अभि,
अनेक आशीर्वाद.

छकुलीच्या पुरळाचं ऐकून मी घाबरले नाही. डायपरच्या जागची कातडी लाल होणं बहुतेक बाळांना कधी ना कधी चुकत नाही. फोनवर बोलताना तू मधेच दोनदा गप्प झालास, त्यानं मात्र जीव खाली-वर झाला. असो. विकतच्या ओल्या वाइप्सऐवजी छकुलीला पुसायच्या फडक्यांचं विचारलं होतंस, तेच लिहिते.

24 शिवली आहेत. एका बाजूला मऊ फ्लॅनेल, दुसऱ्या बाजूला टेरी, म्हणजे टॉवेलचं कापड. टेरीनं शी नीट उचलली जाते, मग फ्लॅनेलच्या बाजूनं हलकेच पुसायचं. कापड आधी गरम पाण्यात धुऊन घेतलंय, कारण सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं, आणि दोन थर कमी-जास्त आटले की फडकं वेडंवाकडं होतं. 20 सेंटिमीटरचा चौकोन धरला. तुझे पंजे बाबांसारखे, त्याहून लहान पुरलं नसतं. पुढची तू स्वतः शिवणार म्हणालास, केवढं बरं वाटलं! सुलट बाजू आत ठेवून शिवायचं, एका कडेला तीन बोटांची फट सोडायची, तिथून उलटवून कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकानं बाहेर काढायचे आणि शेवटी काठालगत चारी बाजूंनी एक टीप मारायची. फट त्यातच बंद होते.

जुने टी-शर्ट खुशाल काप. होजिअरीच्या कापडाचे धागे सुटत नाहीत, कडा तशाच ठेवल्या तरी चालतात. चादरीचं किंवा मलमलीचं कापड असेल तर काठ दुमडल्याशिवाय वापरायचं नाही. हे मी बजावून सांगते आहे. सुटलेला धागा किंवा केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला की आवळत जातो, बोट सुजतं, रक्त अडतं. बाळ रडत राहतं आणि आपण पोट दुखतंय म्हणून बसतो. काही केल्या गप्प होईना, तर मोजे काढून एकेक बोट बघायचं. धागा निघत नसेल तर तडक डॉक्टरकडे.

रात्री ती रडते तेव्हा तू एकटाच उठतोस का रे? रेवाला सकाळी लवकर निघायचं असतं हे कळतं मला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

वापरताना नुसतं कोमट पाणी पुरतं. तेलाचे थेंब, सुगंध, साबणाचं पाणी, काही नको. पुरळ उठलेल्या कातडीला तर मुळीच नको. डॉक्टरांनी पाकिटावर शोधायला सांगितलेलं ते लांबलचक नाव, मिथाइलआयसोथायाझोलिनोन, मी कागदावर लिहून पाठ केलं. ओल्या वाइप्स टिकाव्यात म्हणून ते घालत असत. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं 2013 मध्ये त्याला त्या वर्षीचा लक्षात ठेवण्याजोगा अ‍ॅलर्जीकारक घटक ठरवलं होतं. आता बऱ्याच कंपन्या ते घालत नाहीत, तरी पाकीट घ्यावंच लागलं तर मागची बाजू वाच.

फडकी भिजवून डब्यात भरून ठेवू नकोस. ओलं कापड झाकून राहिलं की कुबट वास येतो, बुरशी धरते. कोरडी गड्डी हाताशी ठेव, शेजारी थर्मासात कोमट पाणी. पाणी आधी मनगटावर बघ. मुलगी आहे, तेव्हा पुढून मागे पुसायचं, उलट कधीच नाही. मग कोरड्या फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही, मांड्यांच्या वळ्यांत ओल राहू द्यायची नाही. थोडा वेळ तशीच उघडी खेळू दे. पिवळ्या दोऱ्याची सहा तोंडासाठी आहेत, ती खाली वापरू नकोस. डोळे पुसताना आतल्या कोपऱ्यातून बाहेर, आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरं फडकं.

वळ्यांत लालभडक झालं, कडेनं बारीक पुटकुळ्या दिसल्या, किंवा दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर ते बुरशीचं असू शकतं. तेव्हा घरगुती काही करत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.

धुण्याचं थोडक्यात. शी आधी संडासात झटकून टाक, फडकं संडासात टाकू नकोस. मग झाकणाच्या कोरड्या बादलीत जमव, एक-दोन दिवसांत मशीन लाव, 60 अंशांवर. सॉफ्टनर घालायचा नाही, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही. झिंकच्या मलमानंही तसंच होतं, म्हणून मलम बोटानंच लाव. पिवळे डाग ओलं फडकं उन्हात टाकलं की फिके पडतात.

तुझ्या वेळी मशीन नव्हतं. जुन्या चादरींचे तुकडे होते आणि बाबा होते. मी झोपले की ते मोरीत बसून सगळं धुवायचे, नळाची धार अगदी बारीक सोडून, मला जाग येऊ नये म्हणून. सकाळी दोरीवर ओळीनं वाळत घातलेलं असायचं आणि ते कामावर गेलेले असायचे. कधी दमलो म्हणाले नाहीत. मग तो ताप आला. काकांनी उचलून नेलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, माणूस किती दिवस झोपलेला नाही? मला उत्तर देता आलं नाही. तू पाळण्यात होतास, तुला काय आठवणार! पण फोनवर गप्प होण्याची तुझी तऱ्हा हुबेहूब त्यांची आहे.

पोरीसाठी नोकरीतून रजा काढलीस, हे मी येईल-जाईल त्याला सांगते. आत्या म्हणाली, एवढं कोण करतं? म्हटलं, माझा मुलगा करतो. पण करणाऱ्यानं सगळंच एकट्यानं करायचं नसतं. रात्री फडकी धुतली नाहीत तर काही बिघडत नाही. एखादा दिवस पाकिटातली वापर, नाहीतर कापूस आणि पाणी. ती झोपली की तू झोप. बादली भरू दे. रेवाला सांग की दमलोय. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? बघ, पुन्हा तेच सुरू झालं माझं. तुला शिकवायला बसले नव्हते, रागावू नकोस. पुरळ आलं ते तुझं काही चुकलं म्हणून नाही, एवढं मात्र मनाशी पक्कं धर.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते आहे. दादाला सांगितलंय, तो गाडीत बसवून देईल. नको म्हणायला फोन करू नकोस. माझं अंथरूण छकुलीच्या पाळण्याजवळ घाल आणि फडकी, थर्मास कुठे असतं ते दाखवून ठेव. रात्रीचं मी बघेन.

तुझी,
आई