फोटोची वेळ सगळ्यांत थकलेल्या माणसाला विचारून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सगळ्या कुटुंबाने मिळून फोटो काढायचा तर कोणत्या रंगांचे कपडे एकमेकांना शोभतात, यावर आपल्या पुरवणीत पानभर मजकूर आला होता. तो मी मन लावून वाचला. जुने फोटो दुरुस्त करायचे आणि त्यांच्या मोठ्या प्रती काढून द्यायच्या, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. कपड्यांचे रंग जुळले नाहीत म्हणून हळहळत माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. लोक येतात ते वेगळ्याच कारणांनी. "यात बाबा नाहीत, तेवढे बसवून द्याल का?" "आत्याचे डोळे मिटलेत, दुसऱ्या फोटोतले लावता येतील?" "मागे उभी असलेली ही बाई कोण, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही, पण फोटो नीट करून द्या."

बाबांना मी बसवून देते. पण त्यांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आलेला असतो आणि बाकी सगळ्यांवर उजवीकडून. सावल्या कितीही सारख्या केल्या तरी बाबा तिथे उभे नव्हते, हे घरच्यांना माहीत असतंच.

हे सगळं रोज बघत असूनही माझ्या स्वतःच्या घरात तीच चूक झाली, म्हणून हे पत्र.

चार वर्षांपूर्वी आम्ही सत्तावीस जण एकत्र जमलो. तीन महिने आधीपासून तयारी चालली होती. रंग ठरले, कपड्यांचे फोटो एकमेकांना पाठवून झाले, कोणी कुणाशेजारी उभं राहायचं यावरून थोडी कुरबुरही झाली. आई ८६ वर्षांची होती. तिला कंपवात होता. दुपारची गोळी घेतल्यावर दोन-अडीच तास तिचं बरं चालायचं, पुढे गोळीचा असर उतरला की उजवा हात थरथरायला लागायचा. फोटो चार वाजता काढायचा होता, म्हणून तिला साडेतीनलाच तयार करून खुर्चीत बसवलं. एका भावाला यायला उशीर झाला. मग दोघींना कपडे बदलावेसे वाटले. मग आधी जोडप्यांचे फोटो झाले, मुलांचे झाले, उड्या मारतानाचे झाले. सगळ्यांचा एकत्र फोटो सव्वासहाला सुरू झाला. आई एका शब्दाने बोलली नाही.

तो फोटो आजही माझ्या कामाच्या टेबलासमोर आहे. छायाचित्रकाराने काम मन लावून केलं होतं, पण तोवर उजेड गेला होता. तीन रांगा होत्या. मागचे चेहरेही स्पष्ट यायला हवेत तर भिंगाचं छिद्र फार उघडून चालत नाही, एफ/८ या मापाच्या आसपास ठेवावं लागतं. मग तेवढा उजेड आत घ्यायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं, सेकंदाचा पंधरावा भाग. सव्वीस जण तेवढा वेळ स्थिर उभे राहिले. कंपवाताने थरथरणारा हात एका सेकंदात चार ते सहा वेळा हलतो. त्यामुळे फोटोत आईचा चेहरा आहे, पदराची घडी आहे, बोटातली अंगठी मात्र नाही. मांडीवर हाताच्या जागी एक फिकट पुसट डाग आहे. भरपूर उजेडात सेकंदाच्या दोनशे-पन्नासाव्या भागात तोच हात नीट आला असता. सगळ्यांचे एकत्र असे नऊ फोटो काढले, त्यांपैकी एकातही ती समोर बघत नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

छायाचित्रणाची सुरुवातीची पद्धत शोधणाऱ्या लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. ज्यात माणूस दिसतो असा सर्वांत जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. रस्ता वर्दळीचा होता, पण प्लेटवर काही मिनिटं उजेड पडू द्यावा लागत असल्याने चालणारी माणसं, घोडे, गाड्या काहीच उमटलं नाही. बूट चकाकवून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला. कामाच्या निमित्ताने हा फोटो मी पूर्वीही पाहिला होता. आईचा हात पाहिल्यानंतर पुन्हा पाहिला, तेव्हा न उमटलेल्या माणसांचाच विचार डोक्यात येत राहिला.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. तयारीला कपाटापासून सुरुवात करू नका. घरात सगळ्यांत थकलेलं कोण आहे, त्यांना दिवसाच्या कोणत्या वेळी बरं वाटतं, गोळी किती वाजता असते, हे आधी विचारा आणि तीच फोटोची वेळ ठरवा. तान्ह्या बाळाचंही तसंच, झोप झालेली हवी. बाकीच्या सगळ्यांनी आपलं घड्याळ त्यांच्याशी जुळवून घ्यावं. भर दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळा, त्याने डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. मोकळ्यावरची सावली किंवा ढगाळ दिवस उत्तम. सगळ्यांचा एकत्र फोटो सर्वांत आधी काढा आणि थकलेल्यांना लगेच मोकळं करा. उड्या मारायला नंतर अख्खा दिवस आहे.

कुणी चाकाच्या खुर्चीत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना आणखी माणसं बसवा. सगळे उभे आणि एकटाच बसलेला, असं झालं की तो माणूस खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो. हात थरथरत असेल तर हातात काही धरायला द्या, नाहीतर नातवंडाचा हात द्या. हात नुसता मांडीवर टेकवून ठेवला की थरथर जास्त जाणवते, काही धरलं की पुष्कळदा कमी होते. हे मला आईच्या आजारपणातच कळलं होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही.

मिटलेल्या डोळ्यांवर उपाय एकच, फोटो जास्त काढणं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञानसंस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं आणि त्यांना २००६ चा गणिताचा इग नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा गमतीदार पुरस्कार. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, कमी उजेडात दोनने. म्हणजे अठरा जणांसाठी सहा फोटो किंवा नऊ. माणसं त्याहून जास्त असतील तर हात आखडता घेऊच नका. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर साधा मागवून घ्या. अगदी बारीक रेघांचा सदरा तेवढा टाळा, त्यावर नसत्या लाटा उमटतात. कपड्यांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

फोटो झाल्यावर मूळ फाइल मागून घ्या. संदेशातून आलेला फोटो बहुतेक वेळा आकसलेला असतो. त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलची असेल, तर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने सव्वापाच इंचांपलीकडे प्रत चांगली येत नाही. भिंतीवर लावायला म्हणून लोक असाच फोटो घेऊन येतात आणि मला नाही म्हणावं लागतं.

आणि नावं. त्याच दिवशी, सगळे समोर असताना, डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे पूर्ण नावं लिहून घ्या. नुसतं 'मामी' लिहू नका, पन्नास वर्षांनी ती कुणाची मामी हे कोण सांगणार? प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. त्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर नावांची चिठ्ठी पाकिटात ठेवा.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जमतो आहोत. काका आता ८१ वर्षांचे आहेत आणि चाकाच्या खुर्चीत असतात. फोटो कधी काढायचा, हे या वेळी मी फक्त त्यांनाच विचारलं. त्यांनी सकाळचे साडेनऊ सांगितले. धाकट्या भाचीने कुरकुर केली, तिला तयार व्हायला वेळ लागतो. मी तिला आईचा तो फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "मी नऊला येते."

पुरवणीत हा विषय पुन्हा येईल तेव्हा रंगांच्या तक्त्याशेजारी वेळेबद्दल आणि नावांबद्दल एक चौकट छापावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक