मिस्त्री, ते भाषण निम्मं तुमचं होतं

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण गॅरेजात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चा घ्या बाई" म्हणता आणि पान्याची शोधाशोध सुरू करता. हाताखालच्या पोराला हे मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा. मध्येच उठून जाऊ नका.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांपुढे ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींच्या, इतिहासावर बोलाल का, असा निरोप आला तेव्हा माझ्याकडे सनावळी भरपूर होती. कोण जिंकलं, कुठल्या साली, किती सेकंदांनी. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईकडे दुसरं काय असणार! पण ही मुलं दिवसभर इंजिन खोलणारी. म्हणून स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायच्या निमित्तानं पोवई नाक्याजवळच्या तुमच्या गॅरेजात येऊन बसले. तुम्ही फॉर्म्युला वनची एकही रेस पाहिलेली नव्हती. तरी मी एकेक प्रसंग सांगत गेले आणि तुम्ही प्रत्येक वेळी असं काहीतरी विचारलंत, की त्याचं उत्तर शोधायला मला घरी जाऊन पुन्हा वाचावं लागलं.

पहिली सांगितली ती 1957 ची जर्मन ग्रां प्री. न्यूर्बुर्गरिंगचा जवळजवळ 23 किलोमीटरचा डोंगरातला ट्रॅक, 22 फेऱ्या, आणि मासेरातीत बसलेला 46 वर्षांचा हुआन मॅन्युएल फँजिओ. फेरारीवाले हॉथॉर्न आणि कॉलिन्स त्याच्यापेक्षा कितीतरी तरुण. मी रंगात येऊन सांगत होते आणि तुम्ही कार्बोरेटर पुसता पुसता विचारलंत, "टाकी किती भरली हुती?"

तिथंच तर सगळी गोम होती! फेरारीनं न थांबता शर्यत पुरी करायची म्हणून टाकी भरून घेतली, कडक टायर लावले. फँजिओ निम्म्या टाकीवर आणि मऊ टायरवर निघाला. तुम्ही लगेच हिशेब मांडलात. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे पाऊणशे किलो, तेवढं ओझं वळणावर टायरला ओढावं लागत नाही. शिवाय मऊ रबर रस्ता धरतं, पण झिजतंही लवकर, म्हणजे मध्ये थांबणं आलंच. बाराव्या फेरीनंतर तो थांबला. हातात जवळपास अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण चाकाचा नट गाडीखाली घरंगळला म्हणतात, आणि मेकॅनिकांनी एवढा वेळ खाल्ला की बाहेर पडला तेव्हा तो पाऊण मिनिटाच्या आसपास मागं होता. "पोरगं नवीन असणार," तुम्ही म्हणालात आणि तुमच्या पोराकडं बघितलंत. त्यानं मान खाली घातली. बिचारा.

पुढं जे झालं ते आजही सांगताना माझा आवाज चढतो. आदल्या वर्षी त्या ट्रॅकवर शर्यतीतली सगळ्यात वेगवान फेरी 9 मिनिटं 41.6 सेकंदांची होती, तीही फँजिओचीच. या वेळी तो फेरीमागून फेरी विक्रम मोडत गेला आणि शेवटी 9 मिनिटं 17.4 सेकंदांवर आला. एकविसाव्या फेरीत त्यानं दोन्ही फेरारी गाठल्या आणि 3.6 सेकंदांनी जिंकला. पाचवं आणि शेवटचं जगज्जेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं. हा माणूस अर्जेंटिनात लहानपणीच शाळा सोडून गॅरेजात कामाला लागलेला, हे सांगितलं तेव्हा तुम्ही कार्बोरेटर खाली ठेवलात. "मग बरोबर हाय," एवढंच म्हणालात.

ब्रॅबमच्या वेळी वर्गात केवढा हशा पिकला! 1959 च्या डिसेंबरात अमेरिकेत सेब्रिंगला जॅक ब्रॅबमची गाडी शेवटच्या फेरीत पेट्रोल संपून बंद पडली. त्यानं खाली उतरून ती ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. गाडी कूपर, असं म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "आपल्या साताऱ्याची?" धनजीशा कूपरांनी इथं उभा केलेला कारखाना आणि इंग्लंडातल्या बापलेकांची ती रेसगाडी यांचा नावापलीकडं काही संबंध नाही. पण त्या गाडीला इंजिन देणारी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनी आगीच्या बंबाचे पंप बनवायची, हे कळल्यावर पोरांना ती घरचीच वाटायला लागली. पंपाचं इंजिन कुणी नाही उघडलेलं या जिल्ह्यात?

तुमचं खरं ऋण आहे ते ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या शर्यतीपुरतं. ऑक्टोबर 1986, मोसमातली शेवटची रेस. जगज्जेतेपदासाठी मॅन्सेल, प्रॉस्ट आणि पिके या तिघांत चुरस, आणि मॅन्सेलला त्यासाठी तिसरा नंबर पुरे होता. 82 फेऱ्यांपैकी चौसष्टावी, सरळ रस्ता, आणि त्याचं मागचं डावं टायर फुटलं. ठिणग्या उडवत जाणारी ती गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते. मी तेवढंच सांगणार होते. तुम्ही विचारलंत, "त्याच्या आदी कुणाचं गेलं हुतं का?" गेलं होतं. एकच फेरी आधी, पुढं असलेल्या केके रॉसबर्गचं. त्याला मागून खडखडाट ऐकू आला, त्याला वाटलं इंजिन बसलं, म्हणून त्यानं गाडी बाजूला लावली. उतरून पाहतो तर टायरचं रबर सुटून आपटत होतं. आणि त्याच्याही आधी प्रॉस्टला पंक्चरमुळं टायर बदलावे लागले होते. निघालेले टायर बघून टायरवाल्यांनी निर्वाळा दिला की झीज बेताची आहे, बाकीच्यांना थांबायची गरज नाही. मॅन्सेल फुटल्यावर मात्र पिकेला खबरदारी म्हणून आत बोलावलं. पंक्चर झालेला प्रॉस्ट नव्या टायरांवर जिंकला आणि 2 गुणांनी जगज्जेता झाला.

तुम्ही कोपऱ्यातला एक जुना टायर ओढलात, माझा हात धरून त्याच्या कडेवरून फिरवलात. वरून नक्षी शाबूत, आतून थर सुटलेला, बोटाला फुगवटा लागत होता. म्हणालात, "आवाज कुठनं येतोय ते ऐकल्याबिगर इंजिनाला हात लावायचा न्हाई." तो टायर तुम्ही स्वतः रिक्षात घालून आयटीआयत आणलात. त्या टायरभोवती मुलं जेवढा वेळ थांबली तेवढा माझ्या कुठल्याच तासाला कुणी थांबलेलं नाही, आणि मला वाईट वाटलं नाही.

ब्राझीलच्या आयर्टन सेनाच्या, तिथल्याच इंटरलागोसच्या शर्यतीबद्दल मी थोडीशी साशंक होते. मार्च 1991, घरच्या मैदानावर तोवर एकदाही न जिंकलेला सेना पुढं आहे, गिअरबॉक्स एकेक गिअर सोडत गेला, शेवटच्या फेऱ्यांत उरला फक्त सहावा. तरी तो जेमतेम 3 सेकंदांनी जिंकला आणि त्याला गाडीतून हात देऊन बाहेर काढावं लागलं. एवढं काय त्यात, असं पोरं म्हणतील असं मला वाटायचं. तुम्ही वर्गात उभं राहून विचारलंत, "यवतेश्वरच्या घाटात, आकड्याच्या वळणावर, टॉप गिअरात गाडी काढून दाखवतो का कोण?" कुणी बोललं नाही. इंटरलागोसला शेवटच्या हळू वळणानंतर चढच आहे. वळणावर इंजिन बंद पडू नये म्हणून वेग राखायचा, आणि गिअर खाली टाकता येत नाही म्हणून इंजिनाचा ब्रेकही नाही. हे तुम्ही सांगितलंत, मी नुसती उभी होते.

मोन्झा 1971, एक शतांश सेकंदानं जिंकलेला गेथिन, त्याला मी दोन वाक्यांत उरकलं. 2008 च्या ब्राझीलमधलं शेवटचं वळणही. पाऊस वाढला, ग्लॉकच्या गाडीला कोरड्या रस्त्याचे टायर, हॅमिल्टन त्याच्या पुढं गेला, आणि मासाचं जगज्जेतेपद 1 गुणानं हुकलं. पुन्हा टायरच.

निकी लाउडाची गोष्ट मात्र तुम्हीच जास्त लावून धरलीत. 1 ऑगस्ट 1976 ला त्याच न्यूर्बुर्गरिंगवर त्याची गाडी पेटली. चार ड्रायव्हर आपापल्या गाड्या थांबवून आगीत शिरले, त्यांनी त्याला ओढून काढलं. हॉस्पिटलात पाद्री येऊन शेवटचे विधी करून गेला. सहा आठवड्यांनी तो इटलीत मोन्झाच्या शर्यतीत चौथा आला, डोक्यावरच्या जखमा ओल्या असताना. आणि ऑक्टोबरात जपानमधल्या फुजीच्या मुसळधार पावसात त्यानं दोन फेऱ्यांनंतर गाडी आत घेऊन शर्यत सोडली. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि 1 गुणानं जगज्जेता झाला. एक मुलगा म्हणाला, भ्याला. तुम्ही त्याला रागावला नाहीत. खंबाटकीतनं ब्रेक नसलेली गाडी हळूहळू उतरवून आणणारं गिऱ्हाईक आणि तशीच दामटणारं गिऱ्हाईक, दोन्ही तुमच्याकडं येतात, आणि पहिलं परत परत येतं, एवढंच सांगितलंत. मला लाउडाबद्दल इतकं नेमकं कधी बोलता आलं नसतं.

आगीचा विषय निघाला म्हणून 1973 ची हॉलंडमधल्या झांडवूर्टची शर्यत सांगितली. उलटलेल्या जळत्या गाडीखाली रॉजर विल्यमसन, आणि डेव्हिड पर्ली एकटा ती सरळ करायला धडपडतोय. बाजूच्या मार्शलांकडं, म्हणजे ट्रॅकवर मदतीला उभ्या असलेल्या माणसांकडं, आगीपासून वाचवणारे कपडेच नव्हते. विल्यमसन वाचला नाही. त्याच्या शेजारी मी 2020 चं बहरीन ठेवलं. ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेटली, आणि तो अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतः बाहेर आला. डोक्यावरची हेलोची टायटॅनियमची कड 2018 पासून सक्तीची झालेली, आणि तिला आधी विरोध करणाऱ्यांत ग्रोजाँही होता. मुलांनी टायटॅनियमचं वेल्डिंग कसं करतात ते विचारलं. तुम्ही सरळ "मला न्हाई येत" म्हणालात आणि त्यांच्या सरांकडं बोट दाखवलंत.

नारायण कार्तिकेयनच्या नावाला टाळ्या पडल्या. 2005, इंडियानापोलिस. एका कंपनीचे टायर तिथल्या एका बाजूला कललेल्या वळणावर टिकणार नाहीत म्हणून 14 गाड्या सुरुवातीलाच आत गेल्या, उरलेल्या सहांत नारायण चौथा आला. भारतीयाचे फॉर्म्युला वनमधले पहिले गुण. "ह्ये बी टायरच का?" तुम्ही मागून विचारलंत, आणि पोरं पुन्हा त्या फाटक्या टायरकडं बघून हसली.

मुलांनी नंतर चाक खोलून बसवायची स्पर्धा लावली. 2023 ला कतारमध्ये मॅक्लारेननं चार चाकं 1.80 सेकंदांत बदलली, हे मी सांगायला नको होतं. दोन नट अजून सापडलेले नाहीत असं त्यांचे सर म्हणत होते.

मानधनाचं पाकीट तुम्ही माझ्याच पिशवीत सरकवलंत ते घरी आल्यावर दिसलं. ते मी तुमच्या पोराकडं दिलंय, त्याला टॉर्क रेंच घ्यायचाय. आणि स्कूटरचं बिल घ्या, नाहीतर मी दुसऱ्याकडं टाकीन.

1979 ची फ्रान्समधली डिझोंची शर्यत राहिलीय. टर्बो गाडीचा पहिला विजय, आणि मागं दुसऱ्या नंबरासाठी व्हिलनव्ह आणि आर्नूची चाकाला चाक लावून चाललेली झुंज. टर्बोला दम भरायला वेळ का लागतो ते समजावायला एक अख्खी संध्याकाळ लागेल असं तुम्ही म्हणाला होतात. मुलांनी पुढच्या महिन्यातली तारीख मागितलीय. रविवारी येते.

तुमची,
स्कूटरवाल्या बाई
सातारा