पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवून गाडी उभी करण्याबाबत (तिसरा अर्ज)

जळगाव

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

महोदय,
स. न. वि. वि.

याच विषयावर मी आधी दोन अर्ज दिले. पहिल्यावर "बघतो" असे उत्तर मिळाले, दुसऱ्यावर काहीच नाही. जिन्यात भेट झाली तेव्हा आपण म्हणालात, "जाऊ द्या ना भो, शेजारी आहेत." शेजारी आहेत म्हणूनच इतके दिवस तोंडी बोलून पाहिले. आता नाइलाजाने पुन्हा लिहावे लागत आहे.

आमच्याच विंगमधील दुसऱ्या मजल्यावरच्या सभासदांची डिझेल गाडी बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लागते. थंडीत ते सकाळी खाली येतात, गाडी सुरू करतात आणि चहा घ्यायला परत वर जातात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की निघण्याच्या कितीतरी आधी एसी लावून ठेवतात. त्यांचे चिरंजीव तर एसीत बसून फोनवर बोलायला म्हणूनच गाडीत जातात. सायलेन्सरसमोरची भिंत आपण स्वतः येऊन पाहावी. गुडघ्याच्या उंचीवर परातीएवढा काळा डाग पडला आहे, बोट फिरवले की काजळी हाताला लागते. यंदा घरच्यांनी गॅलरीत बिबड्या वाळत घातल्या होत्या, त्यांना धुराचा असा वास लागला की सगळ्या टाकून द्याव्या लागल्या.

सदर सभासदांना मी अगदी नम्रपणे विचारले. म्हणाले, "इंजिन गरम नको का करायला?" ही सवय जुन्या गाड्यांच्या काळातली आहे. त्यांची गाडी बीएस-६ आहे, म्हणजे एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या धूर-प्रदूषणाच्या नियमांतली. या गाड्यांत इंधन किती सोडायचे ते संगणक ठरवतो. अर्धा-एक मिनिट पुरे होते, पुढे थोडा वेळ सावकाश चालवली की इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर गरम होते. उलट इंजिन गार असताना धूर स्वच्छ करणारी यंत्रणा नीट काम करत नाही, म्हणजे सगळ्यात घाण धूर तेवढा आमच्या खिडकीत. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर गाडी बंद करून पुन्हा सुरू करण्यात कमी इंधन जाते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि इथे तर गाडी एक फूटही हललेली नसते! डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. पार्किंगमध्ये सोसायटीची लहान मुले खेळतात, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते.

आता निघालेच आहे तर बाकीचेही लिहितो. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही हीच गाडी निघते. पिण्याच्या पाण्याची ओरड असताना नळी लावून ती धुतली जाते. मी बादली आणि फडक्याने स्कूटर पुसतो, तिलाही तितकीच चकाकी येते. एमआयडीसीत एकाच वेळी जाणाऱ्या सभासदांनी एका गाडीत जावे असे मी सर्वसाधारण सभेत सुचवले, तेव्हा पहिला विरोध यांनीच केला.

उपविधींनुसार कोणत्याही सभासदाने इतरांना उपद्रव होईल असे वागायचे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाबद्दल दहा हजारांपर्यंत दंड आहे. सदर गाडीची पीयूसी चालू आहे का, हे समितीने एकदा विचारावे. अ विंगमधील काकूंना दम्याचा त्रास आहे, त्यांचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींचेही हेच म्हणणे आहे. रोज एकमेकांचे तोंड पाहायचे म्हणून ते लेखी देत नाहीत, इतकेच.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पार्किंगमध्ये "इंजिन बंद ठेवा" असा ठळक फलक लावावा. सदर गाडीची जागा बदलून मागच्या कंपाउंडच्या भिंतीलगत द्यावी, ती जागा रिकामीच असते. आणि माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरसाठी माझ्याच मीटरवरून पार्किंगमध्ये चार्जिंगचा प्लग घेण्याची परवानगी द्यावी. "आग लागेल" म्हणून ती अडवून ठेवली आहे. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेईन, खर्चही मीच करीन. ज्या स्कूटरला धूरच नाही तिच्यावर हरकत आणि रोज धूर सोडणाऱ्या गाडीला मोकळीक, हे मला पटत नाही.

येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा व सदर सभासदांनाही बोलवावे. मी शांतपणेच बोलेन. तसे झाले नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावे लागेल, आणि ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

या अर्जाची पोच सही-शिक्क्यासह द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
सभासद, ब विंग, पहिला मजला