माझ्या संशोधन मार्गदर्शक मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

पदवी घेऊन विद्यापीठातून बाहेर पडताना मी आपले आभार मानले होते, परंतु निरोपाच्या गडबडीत ते दोन वाक्यांतच आटोपले. आज सविस्तर लिहीत आहे. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे ठेवण्याचे कारण एवढेच की, पदवीच्या वर्गात असताना कर्करोगावर संशोधन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या शिकवण्यातून काही मिळावे.

आपल्या प्रयोगशाळेत आले तेव्हा बाटल्या धुणे आणि द्रावणे तयार करणे एवढेच काम मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. ती कामे मी केलीच, पण त्याआधी, ज्या पेशी मला सांभाळायच्या होत्या त्या कोणाच्या आहेत, हे आपण मला सांगितलेत. एमसीएफ-७ या नावाने जगभर वापरल्या जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या या पेशी सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस या ख्रिस्ती धर्मभगिनीच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या द्रवातून मिळाल्या होत्या. १९७० मध्ये सिस्टरांचे निधन झाले, आणि १९७३ मध्ये हर्बर्ट सूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी प्रयोगशाळेत सातत्याने वाढवता येत असल्याचे प्रसिद्ध केले. मिशिगन कॅन्सर फाउंडेशन या त्यांच्या संस्थेची आद्याक्षरे आजही त्या नावात आहेत. या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राही असल्यामुळे स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनसारखी औषधे कशी काम करतात हे समजून घेण्यास त्यांची फार मदत झाली. त्याच आठवड्यात आपण मला हेन्रिएटा लॅक्स यांच्याविषयीही वाचायला लावलेत, ज्यांच्या पेशी १९५१ मध्ये त्यांच्या परवानगीशिवाय संशोधनासाठी वापरल्या गेल्या. इनक्युबेटरमधली प्लेट बाहेर काढताना आपल्या हातात कोणाच्या तरी शरीराचा अंश आहे, ही जाणीव मला तेव्हापासून आहे, आणि कामातल्या शिस्तीचे माझ्यापुरते तेच खरे कारण आहे.

एका वनस्पतीच्या अर्काचा या पेशींवर काय परिणाम होतो, हा माझा विषय होता. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, आणि अर्क घातलेल्या कप्प्यांत जांभळा रंग स्पष्टपणे फिका दिसला. त्या दिवशी माझा आनंद आपण मोडला नाहीत. फक्त प्रश्न विचारलेत. पेशी मेल्या, की त्यांचे विभाजन थांबले, की त्या जिवंत असूनही त्यांचा चयापचय मंदावला? अर्क ज्या द्रावकात विरघळवला तो एकटा घातला तर काय होते? निरोगी पेशींवर हाच अर्क घातला तर? पेशीमृत्यूची खूण म्हणून कॅस्पेज-३ शोधण्याचे मी सुचवले, तेव्हा आपण मला आधी ग्रंथालयात पाठवलेत, आणि एमसीएफ-७ पेशींमध्ये ते प्रथिन तयारच होत नाही हे मला तिथे कळले. त्या पेशींत ते न सापडण्यावरून कोणताही निष्कर्ष काढता आला नसता. प्रयोग करण्यापूर्वी, जे पाहायचे आहे ते तिथे दिसणे शक्य आहे का, हे विचारण्याची सवय मला त्या एका दुपारी लागली. पुढे निरोगी पेशींवरही जवळजवळ तेवढाच परिणाम दिसला, तेव्हा माझ्या पोस्टरवर ते सांगणारे वाक्य सर्वांत ठळक अक्षरांत छापायला आपण सांगितलेत.

याच प्रामाणिकपणाची खरी परीक्षा प्रयोगशाळेबाहेर झाली. चॅपलमधील प्रार्थनेनंतर, जिची आई आजारी होती अशा एका विद्यार्थिनीने मला विचारले की, तुमच्या संशोधनातून औषध कधी येईल. मी गोंधळून आपल्याकडे आले. प्लेटमधल्या पेशी मारणारे पदार्थ पुष्कळ असतात आणि त्यांतले फार थोडे रुग्णापर्यंत पोहोचतात, हे तिला खरेखुरे सांग, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नकोस, असे आपण म्हणालात. मी तसेच केले. तिला खोटी आशा दिली नाही याचे समाधान मला आजही आहे, आणि त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ तिच्या आईविषयी बोलत बसलो, याचे त्याहून अधिक.

श्रद्धेविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपले विद्यापीठ ख्रिस्ती होते आणि हा विषय आपण कधी टाळला नाहीत. ज्या विभाजनामुळे जखम भरून येते, त्याचाच लगाम सुटला की कर्करोग होतो, हे शिकल्यावर मी आपल्याला थेट विचारले होते की, चांगल्या निर्मात्याने अशी रचना का करावी. माझी समजूत घालणारे तयार उत्तर आपल्याकडे असेल, असे मला वाटले होते. आपण ते दिले नाहीत. बायबलमधील दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसून राहिले, आणि बोलू लागल्यावर मात्र त्यांचे चुकले, एवढेच आपण सांगितलेत. माझा प्रश्न आजही सुटलेला नाही. परंतु तो मनात असताना मी प्रार्थना करू शकते आणि संशोधनही करू शकते. विद्यापीठात येण्यापूर्वी मला हे जमत नव्हते. इतर कुठे शिकले असते तर हा प्रश्न मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवला असता, असे माझे मत आहे.

आपला अध्यापनाचा भार मोठा होता, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला पिपेट धरायला शिकवण्यापेक्षा तेच काम स्वतः करणे आपल्याला कितीतरी सोपे गेले असते. तरीही माझ्या प्रयोगवहीचे प्रत्येक पान आपण वाचलेत आणि समासात शेरे लिहिलेत. त्या वेळेबद्दल, त्या शेऱ्यांबद्दल आणि माझ्या प्रश्नांना घाईने उत्तर न दिल्याबद्दल मी आपले अंतःकरणपूर्वक आभार मानते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी