ऐरोलीहून येणाऱ्या ताईंना, वाचनालयाकडून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाची पुस्तकांची देवघेव आता संगणकावर सुरळीत चालते. त्याचं श्रेय तुमचं आहे, आणि ते चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे जाहीर पत्र.

अडचण मुळात मराठीची होती. आमचा प्रोग्रॅम पायथन या भाषेतला, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा. त्याच्या खिडक्या टीके-इंटर या पायथनसोबतच्या साधनाने केलेल्या होत्या आणि लिनक्सवर त्यात जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या जागा सोडतात. पुस्तकांची नावं अशी विस्कटलेली पाहून जुने सभासद हळहळायचे. खिडक्या करायचं दुसरं साधन, जीटीके, मात्र पँगो आणि हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्रऱ्यांच्या जोरावर देवनागरी नीट जुळवतं, म्हणून तिकडे वळलो आणि तिथे अडलो. जीटीके वापरायला लागणारं ‘जीआय’ मॉड्यूल उबुंटूच्या मूळ पायथनला सापडायचं, प्रोग्रॅमसाठी केलेल्या व्हेन्वमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या कप्प्यात, नाही. पिप या पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाने पायजीऑब्जेक्ट (‘जीआय’ त्यातच येतं) घालू म्हटलं, तर कैरो ही चित्रं रेखाटणारी लायब्ररी सापडत नाही म्हणून एररची रांग.

ऑफिस सुटल्यावर तुम्ही ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरलात ते थेट वाचनालयात आलात. कीबोर्ड ओढून घेऊन कमांड दिल्या असत्या, तरी आमचं काम झालं असतं. तुम्ही आधी कागद मागितलात आणि त्यावर एक चौकट काढलीत. व्हेन्व वेगळी ठेवतं ती फक्त पायथनची पॅकेजेस, ती चौकटीच्या आत. जीटीके आणि कैरो या सी भाषेतल्या लायब्रऱ्या, त्या बाहेर, उबुंटूच्या एपीटी या साधनाने आणायच्या. पायजीऑब्जेक्ट हा दोन्हींमधला दुवा. लिनक्ससाठी पिपकडे तो तयार बांधलेला नसतो, आपल्याच मशीनवर मूळ कोडपासून कंपाईल होतो, म्हणजे बांधला जातो. म्हणून ते बांधणारं जीसीसी हवं, लायब्रऱ्या कुठे आहेत ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिग हवं आणि नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली हेडरची पॅकेजेस हवीत. एवढं कळल्यावर ती एररची रांग मला वाचता यायला लागली. ताई, माझ्या लेखी तुमची खरी मदत ही.

आमचं उबुंटू 22.04 आहे, हेही तुम्ही आधी पाहिलंत. पायजीऑब्जेक्ट 3.52 या आवृत्तीपासून जीआय-रिपॉझिटरी या लायब्ररीची 2.0 मालिका मागतं, ती उबुंटू 24.04 मध्ये मिळते, म्हणून आम्ही 3.50 वर थांबायचं. हे आम्हाला कुठून सुचणार होतं!

सोपी वाटही तुम्ही लपवली नाहीत. व्हेन्व करतानाच ‘सिस्टम-साइट-पॅकेजेस’चा पर्याय दिला, की उबुंटूचं ‘जीआय’ आत दिसतं, काहीच कंपाईल करावं लागत नाही. पण मग बाहेरचं बाकी सगळंही आत दिसतं आणि प्रोग्रॅमला नेमकं काय लागतं ते सांगता येत नाही. तिसरी वाट पायसाइड 6 ची: ते क्यूटी हे खिडक्यांचं आणखी एक साधन सोबतच घेऊन येतं, पण आमच्या जुन्या मशीनला त्याचा आकार झेपला नसता. तिन्ही वाटा मांडून निवड तुम्ही आमच्यावर सोडलीत. स्वयंसेवकांवर इतका विश्वास टाकणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

त्या कागदावरून आमच्या बारावीतल्या एका स्वयंसेवकाने बालविभागाच्या संगणकावरही सगळं बसवलं, कुणालाही न विचारता. तुमचं वाचक-कार्ड तयार आहे. वर्गणी घेणार नाही, तेवढं मात्र ऐकावं लागेल.

आपली,
देवघेव विभागातली एक कार्यकर्ती
नौपाडा, ठाणे